ती त्यांच्यातली नाही

आई, त्या शनिवारी जिना पुसायची पाळी माझी होती. बादलीत कोमट पाणी, त्यात फरशीचं औषध, फडकं घट्ट पिळून वरच्या मजल्यापासून एकेक पायरी खाली यायचं. आमच्या इमारतीत हे काम आठवड्याला एका घराकडे असतं, केअरवोखे म्हणतात त्याला. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी येते. पाटी आली की जिना, तळघराची वाट, रस्त्यावरचा फुटपाथ, सगळं त्या घरानं झाडून पुसून काढायचं आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. कुणी बघत नाही असं वाटतं, पण सगळे बघत असतात. लग्न होऊन मी इथं जर्मनीत आले तेव्हा पहिल्याच पाळीला, तू आपल्या दारातली फरशी धुवायचीस तशी, बादली उचलून पाणी सरळ जिन्यावर ओतलं आणि खराटा शोधायला लागले. पाणी पायऱ्यांवरून धावत तळमजल्याच्या बाईंच्या दाराखालून त्यांच्या गालिच्यापर्यंत गेलं. बाई बाहेर आल्या आणि एक शब्द न बोलता नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हा माझ्या समोरच्या दारातून एक बाई स्वतःचे टॉवेल घेऊन आली, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि पाणी टिपता टिपता इतकी हसली की मलाही हसू आलं. ती आब्ला. तिच्या तुर्की भाषेत थोरल्या बहिणीला आब्ला म्हणतात. तिचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर त्यानंतर कधी आलीच नाही.

तर त्या शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, आब्ला तिच्या दारात उभी राहून मला पुसताना बघत होती आणि नेहमीसारखे टोमणे मारत होती. म्हणाली, "इतकी वर्षं झाली, अजून तुझ्या बादलीत नदी असते." मी म्हटलं, उन्हाळ्यात गावाला जाशील तेव्हा खरी नदी बघ, तोवर हीच बघून घे. तिची आई गावात होती, फार म्हातारी, डोळ्यांनी दिसेनासं झालेली. आब्ला दर उन्हाळ्यात नवरा आणि दिरांबरोबर मोटारीनं तिकडे जायची आणि पंधरा दिवस आईच्या पायाशी बसून यायची. बोलता बोलता तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि पाळी माझी असून खालचा अर्धा जिना तिनंच पुसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या देशातल्या सार्वमताचा निकाल लागणार होता. त्याबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही, कारण मला जे माहीत असायला नको होतं ते मला माहीत होतं.

सार्वमत असं होतं की तिकडच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती पुष्कळ जास्त सत्ता द्यायची का. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. इथं राहणारे पण तिकडचा पासपोर्ट असलेले लोक आधीच मत देऊन आले होते. आब्लाच्या नवऱ्याच्या ओळखीतल्या लोकांनी बस ठरवली होती. सगळे मिळून वकिलातीत गेले, वाटेत गाणी म्हटली, परतताना एकत्र जेवले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात चहाला बसली होती आणि मी कांदा चिरत होते. चिरता चिरता मी विचारलं, "मग, काय दिलंस?" आज भाजी कसली केलीस असं विचारावं, तसं. ती थांबली, दाराकडे बघितलं, आणि तोंडावर हात धरून लहान मुलीसारखी हसत तिच्या भाषेतला शब्द म्हणाली, "हायर." म्हणजे नाही. मग जर्मनमध्ये म्हणाली, "घरात कुणाला माहीत नाही. तुला सांगितलं, कारण तू आमच्यातली नाहीस. तुला त्याचं काही करायचं नाही." मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, मला काय करायचंय.

आई, हे मी विचारलं. तुझ्या मुलीनं विचारलं. खडकीला आपलं एका खोलीचं घर होतं, मोरीला जुन्या साडीचा पडदा. तू कपडे बदलायला लागलीस की आम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचो. मतदानाच्या दिवशी सकाळी तू स्टोव्ह पेटवून पाणी तापवायचीस, डोक्यावरून आंघोळ करायचीस, आणि बाबा चहा पिता पिता कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगायचे. कारखान्यातल्या लोकांचं ठरलेलं असायचं. तू मान हलवायचीस. परत आल्यावर ते विचारायचे, "दिलंस ना?" तू म्हणायचीस, "दिलं." त्यापुढे कधी एक अक्षर नाही. एकदा मी, असेन दहा-अकरा वर्षांची, शेजारच्या बायकांसमोर तुला चिडवायला विचारलं की आई, खरं सांग, कुणाला? बायका हसल्या. तू भाकरी थापत होतीस, थापत राहिलीस. त्या गेल्यावर म्हणालीस, "घरात मला कपडे बदलायला जागा नाही. तिथं पुठ्ठ्याचा का होईना, आडोसा असतो. तेवढा एकच आडोसा माझा आहे. तो तू ओढू नकोस." रागावली असतीस तर मी विसरले असते, पण तू विनंती केल्यासारखी बोललीस. पुढे माझ्या पहिल्या मतदानाला तू तुझी पांढरी साडी मला नेसवलीस, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचीस ती. माझ्या निऱ्या घालता घालता म्हणालीस की घरी आल्यावर मी विचारणार नाही. आणि विचारलं नाहीस. मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही सांगितलं नव्हतं. माझं मी इतकं जपलं. दुसऱ्याचं मला जपता आलं नाही.

रविवारी संध्याकाळी 'हो' म्हणणारे जिंकले, थोडक्यात जिंकले. इथं जर्मनीत मत दिलेल्यांत तर 'हो' म्हणणारे बरेच जास्त निघाले. आमच्या भागातल्या, त्सुफेनहाउझेनच्या मोठ्या रस्त्यावरून मोटारी हॉर्न वाजवत गेल्या, खिडक्यांतून झेंडे बाहेर. आब्लाचे यजमान फुटपाथवर उभे राहून प्रत्येक मोटारीला हात करत होते. मी खिडकीतून आब्लाला शोधलं. ती त्यांच्या मागे थोडी दूर उभी होती, हातात त्यांचं जाकीट धरून. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी मी कामाला गेले. म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात मी स्वयंपाकघरात असते. तिथं दोन तुर्की बायका कितीतरी वर्षं एका टेबलाशी बसून बटाटे सोलायच्या. त्या दिवशी एकीनं आपलं घमेलं उचललं आणि सिंकपाशी उभं राहून सोलायला लागली. सिंकमध्ये साली पडल्याचा तेवढा आवाज. त्या आठवड्यात ज्याला त्याला हाच प्रश्न होता. ड्रायव्हरला, न्हाव्याला, सफाईवाल्याला, जो तुर्की दिसेल त्याला लोक विचारायचे की तू काय दिलंस? हसत विचारायचे, पण उत्तराची वाट बघत थांबायचे. टीव्हीवर कुणी म्हणत होतं की इथं मोकळेपणी राहतात आणि तिकडचा मोकळेपणा मत देऊन घालवतात, तर त्यांनी तिकडेच जावं. आणि तुर्की लोक आपापसांत याहून वाईट बोलत होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची निम्मी गिऱ्हाईकं उरलेल्या निम्म्यांशी बोलेनात, तेव्हा त्यानं कोबीच्या खोक्यावर पाटी लावली की इथं फक्त भाजीबद्दल बोलावं. मी रोज कामावरून कालचा पेपर घरी आणायचे आणि बोट ठेवून वाचायचे. आठवीत माझी शाळा सुटली. तुला स्वतःला अक्षर येत नसताना तू कामाला होतीस त्या प्रसूतिगृहातून रद्दी आणायचीस, तिच्यावरच मला वाचायची सवय लागली. जर्मनही मी तशीच रद्दीवर शिकले. त्या आठवड्यात मी सगळं वाचलं आणि मला वाटलं, मला सगळं कळलं.

बुधवारी मी कामावरून आले तर तळमजल्याच्या बाई टपालपेट्यांपाशी पेपर घेऊन उभ्या होत्या. त्या वाईट नाहीत, हे आधी लिहून ठेवते. हे गेले तेव्हा माझी जिन्याची पाळी त्यांनी न सांगता करून टाकली होती, वर एक सूपाचं भांडं दाराशी ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "वाचलंत का? आणि आपल्याच घरात, तुमच्या समोरच्या दारात. इतकी वर्षं मी त्यांना नमस्कार करते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही वेगळ्या. तुम्ही वाचता." आई, ते ऐकून मला बरं वाटलं. पोटात ऊब आल्यासारखं बरं वाटलं. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "नाही हो, आब्लाला त्यात धरू नका. ती त्यांच्यातली नाही. तिनं विरुद्ध मत दिलंय." बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "आख सो, अस्सं होय," म्हणाल्या, "हे मला माहीतच नव्हतं." मी जिना चढले ती चांगलं काम करून आल्यासारखी. कुकर लावला. लेकीला सांगितलं. तिला माझं मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. मान वर न करता ती म्हणाली, "मामा, दास गेट निमांडन वास आन." ते कुणाच्याच घेण्यादेण्यातलं नाही, असं. मी तिला म्हटलं, मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस.

'त्यांच्यातली नाही' हे मी कुठून आणलं ते मला नंतर आठवलं. तू प्रसूतिगृहात आया होतीस. मी तुझा डबा घेऊन आले होते आणि मोठ्या सिस्टर नव्या डॉक्टरीणबाईंना तुझी ओळख करून देत होत्या. "ह्या बघा, किती स्वच्छ, किती व्यवस्थित. त्यांच्यातल्या वाटतच नाहीत." तू हसलीस, डबा घेतलास. संध्याकाळी घरी येताना रस्ताभर तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बोटं दुखायला लागली. मी म्हटलं, सिस्टर चांगलं बोलल्या ना, आई? तू म्हणालीस, "मला एकटीला चांगलं म्हणायला तिनं आपली सगळी वस्ती वाईट करून टाकली. आणि मी हसले." मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. कळायला हवं होतं ते चाळीस वर्षांनी, पायरीवर पिशवी ठेवताना. तेव्हाही कळलं नाही.

दोन दिवसांनी बाई पिवळ्या फुलांची एक कुंडी घेऊन वर आल्या, तिला रिबीन बांधलेली, आणि आब्लाच्या दाराची घंटा वाजवली. दार तिच्या यजमानांनी उघडलं. मी माझ्या दाराआड होते, मला सगळं ऐकू आलं. बाई म्हणाल्या की ही तुमच्या पत्नीसाठी. त्यांनी विरुद्ध मत दिलं, त्याला धैर्य लागतं, मला त्यांचा फार आदर वाटतो. यजमान म्हणाले, "डांके." धन्यवाद, एवढंच. दार हळूच लागलं. मी पुष्कळ वेळ कान देऊन उभी राहिले, पण आतून काही आवाज आला नाही. आई, हा माणूस म्हणजे ज्यानं ह्यांना शेवटच्या आजारपणात, या लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून, खुर्चीत बसवून दर तपासणीला खाली नेलं आणि वर आणलं. एक बाजू तो धरायचा, एक मी. हे त्याला दाजी म्हणायचे, आब्लाचा नवरा म्हणून. त्यानं अर्थ कधी विचारला नाही, पण शब्द आवडला म्हणून उलट ह्यांनाच 'दाजी, दाजी' हाका मारायचा. खुर्ची वर नेताना दोघं एकमेकांना दाजी म्हणत हसायचे आणि मी ओरडायचे की हसू नका, सांडाल. बाईंच्या पेपरातले जे 'ते' होते, त्यांच्यात दाजी होते. आब्लाला त्यांच्यातून बाहेर काढताना मी दाजींना आत ढकलून दिलं होतं, आणि हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

शनिवारी आब्ला आली. बस म्हटलं तर बसली नाही. ती भांडेल म्हणून मी तयार होते, ती भांडलीही नाही. "तुला माझी वकिली करायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, बाई तुझ्याबद्दल वाईट बोलत होत्या. "बोलू दे की. आता त्यांना वाटतं, मी चांगली तुर्क आणि माझा नवरा वाईट तुर्क. माझा नवरा वाईट नाही. तो चुकतो. ते त्याचं आणि माझं आहे. त्यांचं नाही, तुझंही नाही." मग तिनं बाकीचं सांगितलं. कुंडी आली तेव्हा धाकटा दीर आत बसलेला होता. दाजी तिला काही बोलले नाहीत, पण दिरानं बाकीच्या भावांना सांगितलं आणि भावांचं ठरलं की यंदा मोटारीत तिला जागा नाही. गावात आम्हाला मान खाली घालायची नाही, म्हणाले. एकटीनं विमानानं जायचं तर कुणी तिचं नाव तिकडे कळवलं आणि विमानतळावर अडवलं तर काय, ही तिला भीती. असं खरंच होतं का, मला माहीत नाही. त्या दिवसांत लोक तसं बोलायचे आणि ती घाबरलेली होती. "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझी आई थांबणार नाही," ती म्हणाली. "फोनवर तिला ऐकू येत नाही. हात लावला की ओळखते." तू गेलीस तेव्हा मी इथं होते, आई. मी घरी पोचले तोवर तुझ्या खाटेवरची गादीसुद्धा उचललेली होती. आब्लाला हे माहीत होतं, तेव्हा माझ्याजवळ तीच तर बसली होती. पण ती ते बोलली नाही. दारातून जाताना एवढंच म्हणाली, "घरात सगळे विचारतात, खरं का म्हणून. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. माझ्या तोंडून ते मी कुणाला काढू देणार नाही."

त्याला आता बरीच वर्षं झाली. आब्ला त्या उन्हाळ्यात गेली. मोटारीतच गेली, दिरांबरोबर, आणि आईजवळ राहून आली. पानं गळायला लागली तेव्हा तिची आई वारली. आम्ही अजून समोरासमोर राहतो. जिन्यात भेटलो की बोलतो, सणाला ताटं या दारातून त्या दारात जातात. पण माझ्या स्वयंपाकघरात ती बसत नाही, आणि मी तिला बस म्हणत नाही. तिच्या जावा जिन्यात मला बघून आवाज खाली आणतात, दाजी नुसती मान हलवतात. तिकडे त्यानंतरही निवडणुका झाल्या, बस पुन्हा आली. बस आली की मी खिडकीपासून दूर जाऊन काहीतरी काम काढते. हे पत्र मी कुठंच पाठवणार नाही, ते तुलाही कळतंय. तू असतीस तर मीच तुला ते वाचून दाखवलं असतं, आणि बाईंचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं ती जागा मी गाळली असती. तू मला थांबवून म्हणाली असतीस, मधलं काय राहिलं ते वाच. आब्ला त्या उन्हाळ्यात कशी जाऊ शकली ते मी कुणाला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. तेवढं लिहिते.

आब्ला येऊन बोलून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी वंदना घेताना पंचशील म्हणत मी चौथ्या शीलापर्यंत आले, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. तेवढं सोडलं आणि पुढचं म्हटलं. मग तळमजल्यावर जाऊन बाईंना सांगितलं की आब्लाबद्दल मी बोलले ते मनानं रचलेलं होतं, तिनं मला कधी काही सांगितलेलं नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून हे वाटलं नव्हतं." मी वर आले आणि समोरची घंटा वाजवली. आत दाजींचे भाऊ जमलेले होते, नाश्ता चालला होता. दाजी दारात आले. त्यांनाही मी तेच सांगितलं, आत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दाजी म्हणाले, "असं का केलंस?" मी म्हटलं, बाईंना मी बरी वाटावी म्हणून. तेवढं मी खरं सांगितलं.